भरतीला छाती मोजता, मग निवृत्तीला श्वास का मोजत नाही?

भरतीच्या मैदानावर सरकारची नजर भारी तीक्ष्ण असते. पहाटेच्या अंधारात रांग लावून उभ्या असलेल्या पोराला १.६ किलोमीटर पळवायचे, तेही घड्याळ लावून. मग छातीला टेप गुंडाळायचा. ७७ सेंटिमीटर भरली पाहिजे आणि श्वास घेतल्यावर आणखी ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे. नाही फुगली, तर पोरगा घरी. दात बघायचे, कानात बॅटरी मारायची, गुडघे एकमेकांना घासतात का, तळवे सपाट आहेत का, सगळे पारखायचे. बैलबाजारातला व्यापारीसुद्धा इतकी पारख करत नाही. एवढे सगळे पार पडल्यावर सरकारचाच डॉक्टर सरकारच्याच कागदावर लिहून देतो की, हा इसम लष्करी सेवेस तंदुरुस्त आहे.

ती सही नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा तमाशा त्या सहीवरून पाय घसरल्याचे सोंग घेण्याचा आहे.

हाच पोरगा सतरा, वीस, बावीस वर्षे द्रास, तवांग, सियाचीन आणि राजस्थानची वाळू पालथी घालून परत निघतो. तोवर रक्तदाब चढलेला असतो, साखर वाढलेली असते, गुडघ्याच्या वाट्या झिजलेल्या असतात आणि रात्री झोपेत त्याचा श्वास बंद पडू लागलेला असतो. निवृत्तीआधी त्याला मेडिकल बोर्डापुढे उभे करतात. बोर्डाच्या छापील फॉर्मात दोन प्रश्न असतात : हा आजार सेवेमुळे झाला काय? सेवेमुळे बळावला काय? दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ असे पडते आणि खाली कारण म्हणून ‘शरीरप्रकृतीचा दोष’ किंवा ‘जीवनशैलीचा आजार’ अशी एखादी ओळ. झाले! वीस वर्षांच्या नोकरीचा निकाल पाच मिनिटांत. फौजेत या शेऱ्याला ‘एनएएनए’ (नीदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड) म्हणतात. त्या चार अक्षरांनी अपंगत्वाचे निवृत्तिवेतन जागच्या जागी मारले जाते.

आम्ही संरक्षण मंत्रालयाला सरळ विचारतो. जीवनशैली? कोणाची जीवनशैली? कधी उठायचे, कधी झोपायचे, काय खायचे, कुठे राहायचे, बायकोचे तोंड वर्षातून किती दिवस बघायचे, हे ज्याच्या हातात एक दिवसही नव्हते, त्याची कसली आली जीवनशैली? ती त्याची नव्हे, तुमची! तुमच्या रोस्टरची, तुमच्या नाईट ड्युटीची, तुमच्या टिनबंद अन्नाची. हुकूम तुमचा आणि पाप त्याचे, हा न्याय कोणत्या पोथीत लिहिला आहे?

झोपेतला श्वास बंद पडणे, ज्याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात, हा या सगळ्या लबाडीचा सर्वांत उघडा नमुना आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. माणूस झोपला की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, एक मोठा घोरणारा आचका येतो, पुन्हा श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. तासाला असे पाच प्रसंग घडले तर आजार मानतात, तीस किंवा अधिक घडले तर तो गंभीर. गंभीर रुग्ण रात्रभर दर दोन मिनिटांनी गुदमरत असतो आणि सकाळी त्याला आठवत काहीच नाही. दिवसा मात्र ट्रकच्या स्टिअरिंगवर डोळा लागतो. रक्तदाब गोळीला जुमानत नाही. हृदयविकार आणि पक्षाघात दोघेही उंबरठ्यावर येऊन बसतात.

आता सांगा, ज्या आजाराची रुग्णालाच खबर नसते, त्याचा पुरावा जवानाने कुठून आणायचा? निदानासाठी रात्रभर यंत्राला जोडून झोपवावे लागते. ती सोय मोठ्या इस्पितळात असते, चौकीवर नसते. चौकीवर काय असते? शेजारच्या खाटेवरचा सोबती असतो, जो घोरण्याला कंटाळून बूट फेकून मारतो. सुट्टीवर गावी आल्यावर बायको असते. नवऱ्याचा श्वास थांबला की ती अंथरुणात उठून बसते, त्याला गदागदा हलवते आणि तो घोरायला लागला की पडते. दर रात्री. तिच्याइतका पक्का साक्षीदार जगातल्या कोणत्याही इस्पितळात सापडणार नाही, पण तिचे म्हणणे लिहायला बोर्डाच्या फॉर्मात जागा नाही.

आणि जवान स्वतःहून बोलतही नाही. का बोलावे? दुखणे सांगितले की वैद्यकीय कॅटेगरी पडते. कॅटेगरी पडली की नाईकचा हवालदार होताना अडचण, कोर्सला अडचण, चांगल्या पोस्टिंगला अडचण. म्हणून तो दात-ओठ खाऊन सहन करतो, आणि निवृत्तीच्या दिवशी हेच सरकार त्याला विचारते की, बाबा, तुझ्या वैद्यकीय कागदांत याची नोंद कुठे आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

डोंगराची गोष्ट तर आणखी भयंकर. १९८४ पासून आपले जवान सियाचीनवर आहेत. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि आपल्या काही चौक्या त्याच्याही वर आहेत. इतक्या उंचीवर झोपलेल्या धडधाकट माणसाचाही श्वास आपोआप अडखळतो. काही खोल श्वास, मग शांतता, मग पुन्हा धाप. हे शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले आहे, कोणा वकिलाने रचलेले नाही. खाली उतरल्यावर हा त्रास बहुतेकांचा ओसरतो, हेही खरे. सरकारी वकील तेवढेच वाक्य उचलतील म्हणून आम्हीच सांगून टाकतो. पण पाठीवर ओझे घेऊन बर्फात चढउतार करताना गुडघा कायमचा गेलेला माणूस पळायचा थांबतो, पळायचा थांबला की वजन वाढते, वजन वाढले की मान जाड होते आणि घशाची वाट अरुंद होते. ही साखळी कोणी बांधली? गुडघा सेवेत गेला हे मान्य, आणि त्याच गुडघ्यामुळे आलेल्या चरबीला मात्र ‘तू फार खातोस’ असा टोमणा!

अमेरिकेचे कौतुक करण्याची आम्हांला हौस नाही. पण तिथल्या माजी सैनिक खात्याचे नियम वाचले की आपल्या खात्याची लाज वाटते. झोपेतला श्वासरोध सेवेशी जोडला गेला आणि त्यासाठी रात्री नाकावर मुखवटा लावून हवा ढकलणारे सीपॅप यंत्र वापरावे लागत असले, तर तिथे ५० टक्के अपंगत्व धरतात. त्याची महिन्याची भरपाई हजार डॉलरच्या वर जाते. सोबत्याने लिहून दिलेले ‘हा माझ्या शेजारी झोपायचा आणि याचा श्वास थांबायचा’ हे निवेदन तिथे पुरावा म्हणून वाचले जाते. बायकोचेही वाचले जाते. दोन्ही बाजूंचा पुरावा तुल्यबळ असेल तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, हे तिथे कायद्यातच लिहिलेले आहे. सेवेतल्या दुखापतीमुळे वजन वाढले आणि वजनामुळे दुसरा आजार झाला, तर वजन हा मधला दुवा धरता येतो, असे मत त्या खात्याच्या कायदा विभागाने २०१७ मध्येच दिले. तिथेही ओरड आहे. या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो म्हणतात, आणि २०२२ मध्ये तर ही ५० टक्क्यांची तरतूद कापायचा प्रस्तावही त्याच खात्याने मांडला. म्हणजे भांडण तिथेही संपलेले नाही. पण तिथले भांडण किती द्यायचे याचे आहे, आपल्याकडचे मुळात दारात उभे करायचे की नाही याचे!

आणि गंमत अशी की कायदा आपलाही वाईट नव्हता. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमावलीत स्वच्छ लिहिले होते की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरायचे, पुराव्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितले. सिग्नल्समधला तो जवान १९८५ मध्ये भरती झाला, फेफऱ्यामुळे १९९४ मध्ये घरी पाठवला गेला आणि बोर्डाने शेरा मारला की हा प्रकृतीचा दोष. न्यायालय म्हणाले, नुसता शेरा चालणार नाही, कारणे द्या. भरतीच्या वेळी हा आजार का सापडला नाही तेही सांगा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, राम अवतार प्रकरणात न्यायालयाने आणखी एक दार उघडले. अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी असले तरी ते ५० धरण्याची सवलत तोवर मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच होती. ती नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही मिळाली.

शहाणे सरकार असते तर तिथेच थांबले असते. या सरकारने काय केले? जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकला की त्याला वरच्या कोर्टात खेचायचे. वरच्या कोर्टात हरले की त्याच मुद्द्यावर पुढच्या जवानाला खेचायचे. सरकार कोणत्या पक्षाचे, याने यात तसूभर फरक पडला नाही, म्हणून हे खापर आम्ही एकाच रंगाच्या डोक्यावर फोडत नाही. खुर्चीत बसणारे बदलले, फायलीवरचा शेरा तोच राहिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट पुन्हा मोकळी केली. ती गरीब जवानाच्या सोयीची होती, कारण गडहिंग्लजच्या माणसाला दिल्लीची पायरी परवडत नाही. त्या वाटेवर सर्वांत आधी झुंड करून कोण शिरले? भारत सरकार! दिल्ली उच्च न्यायालयात अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्धच्या याचिकांचा ढीग लागला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तो गठ्ठ्यागठ्ठ्याने फेटाळला. त्याच वर्षी मधुमेहाच्या एका प्रकरणात न्यायमूर्तींनी सरकारला आठवण करून दिली की आपण शेकोटीपाशी गरम कॉफी पीत असतो तेव्हा सीमेवर कोणी तरी बर्फाळ वारा अंगावर घेत असतो. आणि आजार शांत ठिकाणच्या पोस्टिंगमध्ये दिसला म्हणजे तो सेवेमुळे नाही, असे होत नाही.

सियाचीनवर असताना फेफरे आलेला एक जवान १९८९ मध्ये घरी पाठवला गेला. त्याला सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला एप्रिल २०२५ मध्ये. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने तो दिला. छत्तीस वर्षे! एवढ्या काळात नातवंडे भरतीच्या वयाला येतात.

त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये तर सरकारने कळसच केला. नियंत्रण रेषेवर गस्त घालताना जानेवारी २०१३ च्या थंडीत एका जवानाचे हृदय बंद पडले. न्यायाधिकरणाने विधवेला वाढीव कुटुंब निवृत्तिवेतन दिले. सरकार त्या बाईच्या मागे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले! न्यायालयाने सरकारला ५० हजार रुपयांचा दंड ठोठावला आणि तिला इथवर ओढायलाच नको होते असे सुनावले. शहीद म्हणून तिरंग्यात गुंडाळायचे आणि विधवेला प्रतिवादी करायचे. ज्या अधिकाऱ्याने त्या अपिलावर सही केली, त्याच्या पगारातून तो दंड कापला गेला काय? आम्हांला उत्तर ठाऊक आहे, तरी विचारतो.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये, त्यांनी याच रोगावर उपाय शोधायला एक समिती नेमली. निवृत्त सेनाधिकारी, वकील आणि कारगिलमध्ये पाय गमावलेला एक मेजर असे तिच्यात होते. समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला आणि अपंग जवानांविरुद्धची अपिले मागे घ्या, असे सांगितले. गोव्याचा तो माणूस गेल्यावर दिल्लीने त्याच्या नावाने संरक्षण अभ्यास संस्थेची पाटी बदलली, पण अहवालाकडे बघायला तिला वेळ मिळाला नाही. उलट जून २०१९ मध्ये आयकर खात्याने परिपत्रक काढले : अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावरची करमाफी फक्त मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, पूर्ण नोकरी केलेल्यांना नाही. म्हणजे आजारी असूनही शेवटपर्यंत राबलेल्या माणसाला शिक्षा. मग २१ सप्टेंबर २०२३ पासून नवी नियमावली आली आणि नोकरी पुरी करून निघालेल्यांच्या वाट्याला ‘अपंगत्व’ हा शब्द जाऊन ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ (क्षतीपोटी मदत) आले.

सरकारची बाजूही आम्ही वाचली आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसले की अपंगत्वाचे वेतन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांत जवानांच्या सुमारे दुप्पट आहे. त्याआधी, २०१८ मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनीही खोट्या अपंगत्वावर कमाई करणाऱ्यांना जाहीर तंबी दिली होती. बरोबर! नोकरीभर गोल्फ खेळून निवृत्तीच्या महिन्यात अचानक रक्तदाब ‘सापडणारे’ जे बडे साहेब आहेत, त्यांना खुशाल पकडा, त्यांची वसुली करा, आम्ही टाळ्या वाजवू. पण त्यांच्यासाठी नियमाची जी सुरी परजली, ती चालते कोणावर? हवालदारावर! साहेबाला बोर्डातल्या डॉक्टरचे नाव ठाऊक असते, न्यायाधिकरणातला वकील ठाऊक असतो, कोणता कागद कुठे लावायचा ते ठाऊक असते. हवालदाराला प्रयागराजच्या निवृत्तिवेतन लेखा कार्यालयाचा पत्ताही धड लिहिता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

हृदयविकाराचे बघा. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत होते की झटका येण्यापूर्वीच्या १४ दिवसांत जवान काय काम करत होता ते तपासावे. १४ दिवस! हृदयाच्या नळ्या पंधरवड्यात तुंबतात काय? वीस वर्षे तुंबत गेलेल्या नळीचा शेवटचा पंधरवडा नेमका पुण्यात किंवा नाशकात गेला, म्हणून आधीची सगळी बर्फातली वर्षे पुसून टाकायची? असा हिशेब एखाद्या सावकाराने केला असता तर गावाने त्याची वही जाळली असती.

आणि एवढा आटापिटा किती पैशांसाठी? १०० टक्के अपंगत्वाला हिशेबात धरलेल्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. हवालदाराचा हा पगार ४० हजार धरा. त्याचे अपंगत्व ५० टक्के धरले तर महिन्याला सहा हजार. बस्स! सहा हजार रुपये वाचवायला सरकार वकील लावते, फायली दिल्लीला पाठवते, तारखा घेते. सीपॅपचा मुखवटा लावणाऱ्या जवानाला त्यातून विजेचे बिल आणि इन्व्हर्टरची बॅटरी भागवता येईल. ते यंत्र विजेवर चालते, आणि खटाव-माणमध्ये रात्री वीज जाते. वीज गेली की त्याचा श्वास पुन्हा त्याच्या घशाच्या हवाली.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत. इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले. त्या परकी सरकारची आठवण काढायची वेळ आपल्याच सरकारने आणावी, याहून मोठी नामुष्की ती कोणती! पश्चिम महाराष्ट्रातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या गावोगावी आज असे निवृत्त फौजी आहेत, ज्यांच्या घरी ‘एनएएनए’चा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आहे. कित्येकांनी अपीलही केलेले नाही. साहेब म्हणाले नाही, म्हणजे नाही, ही शिस्त तुम्हीच त्यांच्या हाडात भरली. तिचाच फायदा तुम्ही घेताय. आणि एखाद्याला उशिरा जाग आली व तो कोर्टात गेला, तर थकबाकी साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळत आली. आधीची सगळी वर्षे सरकारजमा!

आमची मागणी फिरवून सांगायची गरज नाही. अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्ध दाखल केलेली अपिले आणि याचिका मागे घ्या. जिथे फसवणुकीचा ठोस पुरावा आहे तेवढ्याच ठेवा, आणि तिथेही आधी साहेबांपासून सुरुवात करा. उंचावर नोकरी केलेल्या, रक्तदाब असलेल्या किंवा गुडघे-पाठ गेलेल्या प्रत्येक जवानाची निवृत्तीआधी झोपेची तपासणी करा. त्या एका रात्रीचा खर्च तुमच्या वकिलाच्या एका तारखेहून जड होणार नाही. बराकीतल्या सोबत्याचे आणि घरच्या बाईचे निवेदन पुरावा म्हणून घ्या. आणि बोर्डाने ‘नाही’ लिहिले तर भरतीच्या वेळी हा आजार तुमच्या डॉक्टरला का दिसला नाही, ते त्याच पानावर सही करून लिहायला लावा.

महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या २ लोकसभा खासदारांना एक काम. पुढच्या अधिवेशनात एवढेच विचारा : गेल्या दहा वर्षांत जवान आणि त्यांच्या विधवांविरुद्ध सरकारने किती अपिले केली, किती हरली, वकिलांवर किती पैसा घातला आणि प्रत्येक अपिलावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे? हे उत्तर सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत यांपैकी एकानेही २६ जुलैला कारगिलचा हार घेऊन आमच्या गावच्या स्मारकाकडे फिरकू नये.